बोजारा सगळ्यांना, बक्षीस एकाला

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहात, पहिली ते सातवी, पट ४३. यंदाच्या क्रीडा दिवसाला पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढायचा नाही, सगळ्यांना सारखंच पदक द्यायचं आणि माइकवरून 'हरला', 'पराभूत' हे शब्द काढायचे नाहीत, असं मुख्याध्यापकांनी ठरवलंय. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांनी भर बैठकीत विचारलं, "मंग पोट्टे पयतीन काहून?" गेल्या वर्षी धावण्यात शेवटून पहिला आलेला तिसरीतला मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, हेही तुम्ही लिहिलंय. दोघांपैकी बरोबर कोण, आणि रडणाऱ्या मुलाला त्या क्षणी काय म्हणायचं, हे तुमचे दोन प्रश्न.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत २६ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन जातो, केंद्र आणि तालुका पातळीवर पंचगिरी करतो. या विषयावर माझं मत ठाम आहे, पण सुरुवातीपासून ते तसं नव्हतं.

तुमच्या शाळेत दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारली गेली आहे. मुलाला लागेल, त्याची लाज निघेल असं बोलायचं नाही, ही एक गोष्ट. निकालच सांगायचा नाही, ही दुसरी. पहिलीच्या बाबतीत मी तुमच्या मुख्याध्यापकांच्याही पुढे जाईन. दुसरीला माझा विरोध आहे. पालकांना चीड दुसरीची आली आहे, पण त्या रागाच्या भरात ते पहिलीही मोडून काढतील, आणि मला भीती त्याचीच वाटते.

आपल्याकडचा तान्हा पोळा आठवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात. ज्याचा बैल उत्तम सजला त्याला बक्षीस मिळतं, ते सगळ्या गावासमोर जाहीर होतं. मग तीच पोरं आपापले बैल ओढत घरोघर जातात आणि प्रत्येक घरातून प्रत्येक पोराला बोजारा मिळतो. कुठं दोन-पाच रुपये, कुठं बिस्किटाचा पुडा, कुठं चॉकलेट. बैल कसा सजला आहे हे बोजारा देणारी बाई विचारत नाही. पोरगं दारात आलं म्हणून ती देते. बक्षीस मिळालं नाही म्हणून बोजारा कमी होत नाही, आणि बोजारा मिळाला म्हणून कोणतंही पोरगं 'मला बक्षीस मिळालं' असं घरी सांगत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही यातला फरक कळतो. आपण सगळ्यांच्या गळ्यात एकसारखं पदक घालतो तेव्हा बोजाऱ्याला बक्षिसाचा कागद गुंडाळतो, आणि मग दोन्हींची किंमत जाते.

हे मी पाहिलंय. एका शाळेत मला पंच म्हणून बोलावलं होतं. तिथं तुमच्यासारखाच निर्णय झाला होता. पदकं वाटून झाली, फोटो झाले. सामान आवरत होतो तर दुसरी-तिसरीतला एक पोरगा दोन पदकं हातात घेऊन माझ्याजवळ आला. एक त्याचं, एक त्याच्या मित्राचं. दोन्ही उलटून-पालटून बघत त्यानं विचारलं, "सर, यातलं पह्यल्या नंबराचं कोनतं?" तो स्वतः शर्यतीत पहिला आला होता. मी स्वतः शेवटच्या रेषेवर उभा राहून ते पाहिलं होतं. त्या दिवशी मैदानावर कुणीही त्याला ते सांगितलं नव्हतं.

मुलं मनातल्या मनात गुण मोजतातच. तुम्ही गुणफलक झाकलात तर तो त्यांच्या डोक्यात चालू राहतो. गल्लीतल्या खेळात त्यांनी स्वतःच एक सोय करून ठेवलेली असते, कच्चा लिंबू. सगळ्यात लहान भावंडाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. फार चांगली पद्धत आहे ती, कारण त्यामुळे लहानगा खेळाबाहेर राहत नाही. पण कच्च्या लिंबाला एकच घाई असते, कच्चा लिंबू न राहण्याची. "आता माह्यावरबी राज्य येऊ द्या" म्हणून तो भांडतो. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा खरोखर बाद करतात, त्या दिवशी तो खेळात आला. शाळेनं सातवीपर्यंतच्या सगळ्याच मुलांना कच्चा लिंबू ठरवलं, तर ती त्यांना मान देते आहे असं मला वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. चौदा वर्षांखालील मुलींचा तालुक्याचा सामना होता. एका गुणानं मागे होतो आणि शेवटची चढाई आमची. आमच्या मुलीनं कोपऱ्यातल्या खेळाडूला हात लावला, वळली आणि घोट्याला पकड बसली. ती पडली, हात ताणला. तिच्या बोटांपासून मध्यरेषा चार बोटं लांब होती. शिट्टी झाली. फक्कीची पांढरी रेघ, मातीतला तिचा हात आणि मधली ती चार बोटांची जागा मला आजही दिसते.

परत येताना गाडीत कुणी बोलेना. मला त्यांचं रडणं बघवेना. मी म्हणालो, "पोरींनो, माझ्यासाठी तुम्हीच जिंकल्या." सगळ्या गप्प राहिल्या. थोड्या वेळानं ती चढाईपटू खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "सर, आपुन जितलो तं मंग उद्याची मॅच आपली काहून नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रेमानं बोललो होतो, पण ते खोटं होतं आणि तिला ते कळलं होतं. त्यापेक्षा वाईट हे, की तिच्या हातून नेमकं काय राहिलं याबद्दल बोलायची वाटच मी त्या एका वाक्यानं बंद केली होती. जिंकलेल्या माणसाला दुरुस्त काय करायचं?

दोन दिवसांनी मी तिला मैदानावर नेलं, मध्यरेषा आखली आणि म्हणालो, "आपण चार बोटांनी हरलो. ही चार बोटं कुठं गेली ते शोधू." घोट्याला पकड बसल्यावर ती मागच्या बाजूला बसत होती. अंग मध्यरेषेकडे झोकून द्यायला हवं होतं. पुढचा महिनाभर आम्ही पडायचं कसं, एवढंच शिकलो. पुढच्या वर्षीही आम्ही हरलोच, नऊ गुणांनी, आमच्यापेक्षा चांगल्या संघाकडून. पण त्या वेळी परतीच्या गाडीत पोरी आपसातच मोजत होत्या, बोनस कुठं सोडला, लोण (म्हणजे सगळा संघ बाद) कोणत्या चढाईनंतर बसला. मला बोलावंच लागलं नाही.

शब्दांबद्दल मात्र मी फार कडक आहे. माझ्या मैदानावर 'बांगड्या भर' चालत नाही. 'बायकी', 'ढ', 'जाड्या', 'काळ्या', 'लंगडा' चालत नाही. कुणाच्या जातीचा, पोडाचा (म्हणजे कोलामांच्या पाड्याचा), वस्तीचा उल्लेख चालत नाही, कुणाच्या बापाचं नाव घेऊन चिडवणं चालत नाही. 'पोडावरचा असून चांगला खेळला' हे कौतुक म्हणूनही चालत नाही, त्यातला 'असून' मुलाच्या छातीत रुतून बसतो. काही पालक आणि काही सहकारीसुद्धा म्हणतात की ही शहरातली सोवळी भाषा आहे, पोरं अशानं नाजूक होतात. मी त्यांना सांगतो, 'बांगड्या भर' ऐकून कुणाची पकड सुधारलेली मी २६ वर्षांत पाहिली नाही. माझी कसोटी साधी आहे. बोलणं खेळाबद्दल असेल तर कितीही स्पष्ट बोला. 'तू चढाई उशिरा सोडलीस', 'तुझा दम कमी पडला', 'तुझ्यामुळे दोन गुण गेले' हे चालेल. बोलणं त्याच्या अंगाबद्दल, जन्माबद्दल, घराबद्दल असेल तर शिट्टी. खेळातली चूक उद्या सुधारता येते. जन्म कसा सुधारायचा?

सगळ्यात जास्त धोका माइकचा. गावातला हौशी निवेदक रंगात आला की "बघा बघा, आला शेवटचा गडी" सुरू होतं आणि सगळं मैदान हसतं. तुमचा तो तिसरीतला मुलगा चार दिवस कशामुळे आला नाही ते एकदा नीट विचारा. माझा अंदाज आहे, तो शेवटून पहिला आला म्हणून नव्हे, लोक हसले म्हणून आला नाही. हसण्यावर बंदी घाला, निकालावर नको. माइक शिक्षकाच्याच हातात ठेवा.

'अपंग'चं 'दिव्यांग' झालं, त्यावरही लोक बोलतात. शब्द बदलला ते बरं झालं. पण शब्द बदलून मुलाला मैदानात जागा मिळत नाही. आमच्याकडे एका पायानं अधू असलेला मुलगा होता. आम्ही दरवर्षी मोठ्या मायेनं त्याला गुणलेखक करायचो. सातवीत तो म्हणाला, "सर, मले गोळा फेकाचा हाय." इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पॅरालिम्पिकमध्ये पदकं रद्द करून सगळ्यांना सारखं करत नाहीत. अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट पाडतात आणि त्या गटात खरी चुरस लावतात. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना कुणी 'सगळेच विजेते' म्हणून पदक दिलं नव्हतं. आम्ही त्या मुलाला खुर्चीत बसवून गोळा फेकायला दिला, समोर अंतराच्या रेघा मारल्या. पहिला सव्वातीन मीटर गेला. पुढे तो रोज स्वतःचीच रेघ ओलांडायला यायचा.

एका बाबतीत मात्र तुमच्या मुख्याध्यापकांची भीती मला पूर्ण समजते. तुमच्या वर्गात असं मूल असेल ज्याच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. आपल्या भागात हे लिहायलाही हात जड होतो. अशा घराबद्दल लोक सहज बोलून जातात, 'परिस्थितीपुढे हरला बिचारा'. मग शाळेत 'तू हरलास' हा शब्द त्या मुलाच्या कानावर पडताना काय होत असेल, या विचारानं एखादा शिक्षक तो शब्दच काढून टाकत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण मला वाटतं शब्द चुकीच्या जागेवरून काढला जातोय. खेळात दोन्ही बाजूंना सारखं मैदान असतं, सारखे गडी, सारखा वेळ, मध्ये पंच, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा डाव. कपाशीचा भाव, पावसाचा खंड आणि सावकाराचं व्याज यांच्यात असं काहीच नसतं. तो सामना नव्हता, म्हणून तो माणूस हरलाही नाही. त्या घराबद्दल बोलताना 'हरला' हा शब्द आपण मोठ्यांनी कायमचा सोडावा. मैदानावर मात्र तो राहू द्यावा, म्हणजे मुलांना कळेल की हा शब्द छोटा आहे, एका डावापुरता आहे. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की उठून परत आत येतो. हे मूल दिवसातून दहा वेळा बाद होऊन दहा वेळा आत आलं, तर ते त्याच्या उपयोगाचं आहे. अर्थात अशा मुलाला तुम्ही रोज पाहता, मी नाही. त्याला गर्दीसमोर एकट्यानं उतरायचं नसेल तर सांघिक खेळात घ्या, जबरदस्ती करू नका.

तुमच्या मुख्याध्यापकांनी टोकियो ऑलिम्पिकमधल्या उंच उडीचं उदाहरण दिलं, म्हणून त्याबद्दल. २०२१ मध्ये कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी यांनी सुवर्ण वाटून घेतलं हे खरं. पण दोघांनी २.३७ मीटर पार केलं होतं, २.३९ ला दोघांचेही तीनही प्रयत्न चुकले होते आणि आधीची नोंदही बरोबरीची होती. नियमानं पुन्हा उड्या मारून निकाल लावता आला असता किंवा सुवर्ण वाटून घेता आलं असतं. बेलारूसच्या खेळाडूनंही २.३७ च पार केलं होतं, पण त्याच्या आधी जास्त चुका झाल्या होत्या म्हणून त्याला कांस्य मिळालं. तिथं प्रत्येक उडी मोजलेली होती. मोजल्यानंतर बरोबरी निघाली, म्हणून ते वाटून घेणं सुंदर दिसलं.

आता मुलांवर खरा अन्याय कुठं होतो ते सांगतो, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. आठ संघ आले तर सात सामन्यांत निकाल लागतो, आणि चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. पोरं पहाटे उठून, टमटममध्ये कोंबून तीस किलोमीटर येतात, अर्धा तास खेळतात आणि उरलेला दिवस दुसऱ्यांचे सामने बघतात. जो कच्चा आहे त्याला सगळ्यात कमी खेळायला मिळतं. संगीत खुर्चीतही तेच, जो सगळ्यात मंद तो सगळ्यात आधी बाहेर. हे बदला. चार-चार संघांचे दोन गट करा, साखळी खेळवा, सामने पाच-पाच मिनिटांच्या दोन डावांचे ठेवा. प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात. तीनपैकी एखादा बहुतेक वेळा जिंकतात, आणि हरले तरी दुपारी परत खेळायचं असल्यामुळे रडत बसायला वेळ नसतो. माझ्या अनुभवात शब्द बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा या एका बदलानं पडतो.

तुमच्या ४३ च्या पटात आणखी एक अडचण येणार. एकच चपळ पोरगा पाच बक्षिसं नेईल. एका मुलाला दोनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेऊ द्या. पहिली-दुसरीला नंबर काढूच नका, तिथं तुमचे मुख्याध्यापक बरोबर आहेत. त्या वयात पोरगं अर्ध्या शर्यतीत आईला हात करायला थांबतं. तिसरी-चौथीला नंबर काढा, पण सोबत प्रत्येकाची वेळ किंवा अंतर वहीत लिहून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. पाचवीपासून पुढे पूर्ण निकाल, गुणफलकासह. आणि बोजारा सगळ्यांना: पेन्सिल द्या, केळं द्या, चिवड्याचं पाकीट द्या, पण पदक नको. ग्रामपंचायतीकडून किंवा एखाद्या दुकानदाराकडून एवढं सहज मिळतं.

जिंकणाऱ्यांनाही शिकवावं लागतं, ते आपण विसरतो. आपली पोरं जिंकणं बघतात ते ग्रामपंचायतीच्या निकालाला. हरलेल्याच्या दारासमोर गुलाल, डीजे आणि मग पाच वर्षं दोन घरांचं बोलणं बंद. माझ्याकडे नियम आहे: शिट्टी झाली की जिंकलेला संघ आधी समोरच्या संघाकडे जाऊन हात मिळवेल, त्यांना पाणी देईल, मग काय नाचायचं ते नाचा. सुरुवातीला पोरं हे उरकून टाकतात. दोन-तीन वर्षांनी त्यातलीच काही थांबून 'तुमची ती पकड भारी होती' म्हणायला लागतात.

आणि मोठ्या मुलांना विदर्भाच्या रणजी संघाबद्दल सांगा. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या या संघाला पहिलं अजिंक्यपद मिळालं २०१७-१८ ला, म्हणजे साठ वर्षांनी. मार्च २०२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईनं विदर्भाला १६९ धावांनी हरवलं. पुढच्याच हंगामात उपांत्य फेरीत विदर्भानं त्याच मुंबईला हरवलं आणि मग केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक जिंकला. मध्ये कुणी १६९ चा आकडा लपवला नव्हता.

मुख्याध्यापकांशी बोलताना त्यांचा निर्णय चुकला असं सुरू करू नका. त्यांना मुलांची काळजी आहे, आणि काळजी नसलेल्या मुख्याध्यापकापेक्षा ते कितीतरी बरे. माइकबद्दलचा त्यांचा मुद्दा आधी मान्य करा, तो कागदावर नियम म्हणून लिहून घ्या. मग पहिली-दुसरीला नंबर नको, पुढे हवेत, आणि बोजारा सगळ्यांना, असं मांडा. त्या पालकांनाही त्याच बैठकीत एक काम द्या, शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभं राहायचं. ४३ मुलांच्या वेळा लिहिल्यावर शेवटचं पोरगं किती जीव तोडून पळतं ते त्यांना जवळून दिसेल.

रडणाऱ्या मुलाला काय म्हणायचं, तर आधी काहीच नाही. 'रडू नको' नाही, 'काही होत नाही' नाही, कारण त्याला काहीतरी झालेलं आहे. पाणी द्या आणि बाजूला बसा, गर्दीकडे तुमची पाठ करून, म्हणजे त्याचं तोंड कुणाला दिसणार नाही. श्वास खाली आला की त्याच्या खेळातली तुम्ही खरोखर पाहिलेली एक गोष्ट सांगा. त्यासाठी शर्यत चालू असताना तुमचं लक्ष पहिल्या मुलाकडे नको, याच्याकडे हवं. 'तू सुरुवात चांगली केलीस, झाडापाशी मागे वळून पाहिलंस, तिथं दोघं पुढे गेले.' बहुतेक वेळा मूल नाक पुसत म्हणतं, "हाव, मी पाह्यलं मांगं." मग त्याला विचारा, सोमवारी सुट्टीत त्या झाडापर्यंत पळायचं का. आणि सोमवारी सुट्टीत तुम्ही घड्याळ घेऊन तिथं हजर राहा.